सनबेडच्या काउंटरवर पहिला महिना: गिऱ्हाईक भाजू नये म्हणून, आणि भाजलंच तर

इंग्लंडच्या ईशान्य कोपऱ्यात, न्यूकॅसल-संडरलंडच्या बाजूला शिकायला आलेल्या आपल्या मुलामुलींना पार्टटाइम काम शोधताना एक पाटी हमखास दिसते: सनबेडच्या दुकानात काउंटरवर माणूस पाहिजे. वरवर पाहिलं तर आरामाची नोकरी. बाहेर हाडं गोठवणारा वारा, आत ऊब. पैसे घ्यायचे, टायमर लावायचा, गिऱ्हाईक बाहेर आलं की बेड पुसायचा. विद्यार्थी व्हिसाचे आठवड्याचे २० तास सहज भरतात. मी दोन हिवाळे हे काम केलं. पहिल्या दिवशी मला दोनच गोष्टी शिकवल्या: कार्डाचं मशीन कसं चालवायचं आणि पुसायचा स्प्रे कुठे ठेवलाय. बाकीचं मी गिऱ्हाइकांच्या पाठीवर शिकले, आणि ते मला अजून टोचतं.

ज्यांनी सनबेड पाहिलेला नाही त्यांच्यासाठी: आतून ट्यूबलाइटसारख्या नळ्या लावलेली मोठी पेटी. काही पेट्यांत आडवं पडायचं, काहींत उभं राहायचं. नळ्यांतून अतिनील किरण येतात आणि गोरी कातडी सावळी होते. हे मी इचलकरंजीला आईला फोनवर सांगितलं तेव्हा ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "म्हणजे पैसे देऊन काळं व्हायचं?" उन्हात खेळले म्हणून मी ज्या बाईचा ओरडा खाल्ला, तिला हा धंदा पटणं अवघडच होतं.

एक गोष्ट आधीच सांगून टाकते. सुरक्षित सनबेड अशी काही चीज नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००९ मध्ये सनबेडला तंबाखूच्याच पहिल्या गटात, म्हणजे माणसाला कर्करोग होतो हे सिद्ध झालेल्या गोष्टींत टाकलं. ब्राझीलने त्याच वर्षी सौंदर्यासाठीचे सनबेड बंद केले, पुढे ऑस्ट्रेलियात धंद्याचे सनबेड बंद झाले. इंग्लंडमध्ये १८ वर्षांवरच्यांना परवानगी आहे. नोकरी धरायची की नाही हे तुमचं तुम्ही ठरवा. धरलीत, तर निदान तुमच्या शिफ्टमध्ये कोणी पोळून जाऊ नये, म्हणून हे लिहिते आहे.

आणि नव्या माणसाला सगळ्यात उशिरा कळणारी गोष्ट ही: भाजलेलं माणूस तुमच्यासमोरून हसत निघून जातं. अतिनील किरणांनी भाजलेलं तव्याच्या चटक्यासारखं लगेच कळत नाही. लाली चढायला दोनेक ते सहा तास लागतात, ती सगळ्यात जास्त होते १२ ते २४ तासांनी. आतला पंखा गार हवा मारत असतो, त्यामुळे पेटीत असताना तर काहीच जाणवत नाही. तुमची शिफ्ट संपलेली असते, गिऱ्हाईक रात्री दोन वाजता कुशीवर वळतं आणि तेव्हा त्याला कळतं. म्हणून "काही झालं असतं तर त्याने बटण दाबून बंद केलं असतं" या भरवशावर राहू नका.

काउंटरखाली काय काय असायला हवं

पहिल्याच दिवशी खण उघडून बघा. नसेल ते मालकाकडे मागा, तेही लेखी, म्हणजे साध्या मेसेजवर.

- गिऱ्हाइकाचं कार्ड: त्वचेचा प्रकार, औषधं, आधीच्या वेळा, तारीख, मिनिटं, सही
- प्रत्येक बेडची वही: ट्यूब कधी बदलल्या, किती तास चालल्या
- प्रत्येक बेडचा मिनिटांचा तक्ता, बनवणाऱ्या कंपनीचा, त्याच मॉडेलचा
- सनबेडचे खास गॉगल, आणि ते निर्जंतुक करायचं द्रावण
- अपघात वही
- स्वच्छ टॉवेल, पिण्याचं पाणी, बिनवासाचं कोरफडीचं जेल
- दुकानाचा पत्ता पोस्टकोडसकट मोठ्या अक्षरांत लिहिलेला कागद. हसू नका. ९९९ ला, म्हणजे इथल्या तातडीच्या मदतीच्या नंबरला, फोन लावल्यावर आपण रोज येतो त्या दुकानाचा पोस्टकोड आठवत नाही.

१. वय बघा, चेहरा नको

इंग्लंड आणि वेल्समध्ये २०१० चा सनबेड कायदा आहे, एप्रिल २०११ पासून लागू. १८ वर्षांखालच्या कोणालाही बेडवर घेता येत नाही. आईवडिलांची चिठ्ठी, आई स्वतः सोबत, शाळेचा डान्स उद्या आहे, यांतलं काहीही चालत नाही. कायद्यात २०,००० पौंडांपर्यंतचा दंड लिहिलेला आहे. समोरचा पंचविशीच्या आतला वाटला की पासपोर्ट किंवा ड्रायव्हिंग लायसन्स मागायचं. फोनमधला फोटो चालवून घेऊ नका. गोऱ्या मुलींचं वय मेकअपमध्ये आपल्याला ओळखता येत नाही, हे मी कबूल करते, म्हणून सरसकट मागत गेले. वेल्समध्ये नोकरी असेल तर नियम आणखी कडक आहेत: दुकानात देखरेखीला माणूस हवाच आणि डोळ्यांचं संरक्षण द्यावंच लागतं.

२. कातडीचा प्रकार गप्पांतून काढा

फॉर्मवर सहा प्रकार छापलेले असतात. पहिला प्रकार म्हणजे दुधासारखी कातडी, लालसर केस, नाकावर तपकिरी ठिपके; उन्हात फक्त भाजणार, सावळी कधीच होणार नाही. सहावा म्हणजे अगदी गडद. आपण मराठी माणसं बहुतेक चौथ्या-पाचव्यात बसतो. उत्तर इंग्लंडमध्ये आणि सीमेपलीकडे स्कॉटलंडमध्ये पहिल्या-दुसऱ्या प्रकाराची माणसं भरपूर, आणि दुकानात येतात तीही हीच.

अडचण अशी की फॉर्म हातात दिला की जो तो तिसऱ्या प्रकारावर खूण करतो. कोणाला नाही म्हणून घ्यायचं नसतं. म्हणून मी फॉर्म बाजूला ठेवून विचारायचे: "मागच्या सुट्टीत कुठे गेला होता? पहिल्या दिवशी खांदे कसे झाले?" माणूस खुशीत सांगतो, "तेनेरिफेला (स्पेनचं उन्हाचं बेट) गेलो होतो, पहिले तीन दिवस लॉबस्टरसारखा लाल झालो होतो." झालं, दुसरा प्रकार, फार तर. आणि "मी कधी तपकिरी होतच नाही, फक्त लाल होते, म्हणूनच आले" असं कोणी म्हणालं तर ती पहिल्या प्रकारातली. तिला बेड द्यायचा नाही. तिला स्प्रे टॅन सुचवा. तो रंग कातडीच्या वरच्या मेलेल्या थरात बसतो आणि आठवड्याभरात उतरतो. फक्त स्प्रेच्या रंगाने उन्हापासून संरक्षण मिळत नाही, हेही सांगा.

अंगावर पुष्कळ तीळ, पूर्वी त्वचेचा कर्करोग, घरात कोणाला मेलॅनोमा (त्वचेचा घातक कर्करोग), लहानपणी फोड येईपर्यंत भाजल्याची आठवण: यांपैकी काहीही असलं तरी नकारच.

आता आपल्या रंगाच्या लोकांबद्दल. एक भारतीय वंशाची मुलगी लग्नाआधी "सगळीकडे एकसारखा रंग" करायला यायची. ती म्हणायची आपण भाजत नाही. चौथ्या खेपेला बाहेर आली आणि पर्सचा पट्टा खांद्यावर घेताना एकदम कळवळली. मला काही दिसत नव्हतं. तिने माझा हात धरून खांद्यावर ठेवला, तर कातडी नुकत्या उतरवलेल्या तव्यासारखी. सावळ्या कातडीवर लाली दिसतेच असं नाही. ऊन ऊन लागणं, ताण, स्पर्शाला दुखणं यांवरून ओळखायचं. ती आदल्या दिवशी दुसऱ्या दुकानात जाऊन आली होती, हे मग निघालं.

३. औषधं, क्रीम आणि बाटलीतलं काहीही

फॉर्मवर "औषध घेता का?" असा प्रश्न असतो आणि उत्तर "नाही" असतं. लोकांना मुरुमांची गोळी औषध वाटत नाही. म्हणून एकेक नाव घेऊन विचारा. मुरुमांसाठी किंवा मलेरियासाठी डॉक्सिसायक्लिन? मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइन? रक्तदाबाची, लघवी जास्त करवणारी गोळी? हृदयाच्या ठोक्यांसाठी अमिओडॅरोन? मन उदास असतं म्हणून दुकानातून आणलेलं सेंट जॉन्स वर्ट? गुडघ्याला लावायचं कीटोप्रोफेनचं जेल? चेहऱ्याला रात्रीचं रेटिनॉल? यांतल्या बऱ्याच गोष्टींनी कातडी किरणांना हळवी होते आणि नेहमीच्या निम्म्या वेळातही पोळू शकते. "हो" आलं की तुम्ही डॉक्टर बनू नका. "फार्मासिस्टला विचारून या, तोवर बेड नाही", एवढंच.

आपल्याला चटकन कळेल असं एक उदाहरण देते. गावाकडे कोडावर बावचीचं तेल लावून उन्हात बसवतात, ते ऐकलं असेल. बावचीत सोरॅलेन नावाचं द्रव्य असतं. ते अंगावर असताना अतिनील किरण पडले की परिणाम कैक पटींनी वाढतो, आणि भाजलेलं तर दोन-तीन दिवसांनी वर येतं. दवाखान्यात हेच द्रव्य मोजून-मापून वापरतात. लिंबाच्या रसात, सेलरीत, काही अत्तरांतही त्याच जातीची द्रव्यं असतात. सेंट मारून आत गेलेल्या बाईच्या मानेवर ओघळाच्या आकाराचे तपकिरी डाग मी पाहिलेत. म्हणून आत जाण्याआधी मेकअप, सेंट, डिओ सगळं पुसायला लावा.

दोन वस्तूंवर विशेष नजर ठेवा. एक, टिंगल लोशन. हे लावलं की अंग चुरचुरतं आणि लाल होतं, कारण ते कातडीतलं रक्त वाढवतं. खरी भाजल्याची लाली त्यात लपून जाते. नव्या गिऱ्हाइकाला ते विकू नका. काउंटरवर सुंदर पाऊच लावलेले असतात आणि विक्रीवर कमिशन असतं, तरीही. दुसरी, मेलॅनोटान: कातडी सावळी करायला नाकात मारायचा स्प्रे किंवा इंजेक्शन. ब्रिटनमध्ये ते विकणं बेकायदा आहे. दुकानात कोणी हळूच विकायला आणलं तर मालकाला सांगा आणि त्या व्यवहारात उभेसुद्धा राहू नका.

४. मिनिटं: थोडं गणित

युरोपच्या मानकाप्रमाणे सनबेडचा भाजण्याचा जोर चौरस मीटरला ०.३ वॉटच्या वर नसावा. हा आकडा ४० ने गुणला की रोजच्या हवामानात सांगतात तो यूव्ही इंडेक्स, म्हणजे उन्हातल्या अतिनील किरणांच्या जोराचा आकडा, मिळतो: १२. इंग्लंडमध्ये भर जूनच्या दुपारी तो सात-आठ झाला तरी डोक्यावरून पाणी. बारा म्हणजे आपला एप्रिल-मे, दुपारी साडेबारा, डोक्यावर टोपी नाही आणि पायाखाली डांबर. न्यूकॅसलच्या डिसेंबरात, तीन महिने कोटाच्या आत असलेली कातडी एकदम सोलापूरच्या मे महिन्यात नेऊन उभी करायची, असं समजा.

त्याच मानकात न रापलेल्या कातडीला पहिल्या वेळी चौरस मीटरला १०० ज्यूलच्या वर मात्रा देऊ नये असं आहे. १०० भागिले ०.३ म्हणजे ३३३ सेकंद, साडेपाच मिनिटं. अगदी गोऱ्या कातडीला साधारण २०० ज्यूलला लाली येते, म्हणजे अकरा मिनिटांच्या आसपास. आणि दुकानात पॅकेज विकलं जातं ६० मिनिटांचं, गिऱ्हाईक म्हणतं "बारा-बाराचे पाच करून टाक". हे गणित डोक्यात असलं की नकार द्यायला जड जात नाही. जुन्या किंवा जास्त जोराच्या मशीनवर साडेपाच मिनिटंही जास्त. तिथे त्या मशीनचाच तक्ता.

पहिल्या आणि दुसऱ्या वेळेत ४८ तास सोडा. रंग चढायलाच दोन-तीन दिवस लागतात. "काल काही झालंच नाही, आज परत दे" असं म्हणणाऱ्याला हेच सांगायचं. त्याच दिवशी दुसऱ्यांदा तर कधीच नाही. वर्षाला ६० वेळांची मर्यादा इथल्या धंद्यात सर्रास सांगितली जाते, कार्डावर मोजा.

नेहमीचे सापळे:

- दोघी मैत्रिणी एकाच खात्यावरची मिनिटं वापरतात. कार्डावर नाव सावळ्या मैत्रिणीचं, आत जाणारी लाल केसांची.
- बाहेर ऊन पडलेला दिवस. इथे वर्षातून मोजके दिवस ऊन पडतं आणि अख्खं शहर व्हिटली बेच्या वाळूवर आडवं होतं. संध्याकाळी त्यातलेच काही "रंग पक्का करायला" दुकानात येतात. दिवसाचं ऊन आणि बेड यांची बेरीज होते. त्या दिवशी विचारायचंच: आज बाहेर होता का?
- सुट्टीआधीचा "बेस", म्हणजे उन्हात जाण्याआधी बेडवर थोडं रापून घेणं. रापल्याने मिळणारं संरक्षण फार तर तीन-चार एसपीएफच्या क्रीमइतकं. त्या भरवशावर माणूस स्पेनमध्ये क्रीम लावत नाही.
- व्हिटॅमिन डी. हा सापळा आपल्याच लोकांचा. हिवाळ्यात रिपोर्ट खाली आला की मित्र विचारतात, "तुझ्या दुकानात पाच मिनिटं देशील का?" इथली सरकारी आरोग्य सेवा त्यासाठी १० मायक्रोग्रॅमची रोजची गोळी सांगते, सावळ्या कातडीच्या लोकांनी ती बाराही महिने घ्यायचा विचार करावा असं म्हणते. किराणा दुकानात मिळते, स्वस्त आहे.

५. ट्यूबची वही

माझ्या तिसऱ्या आठवड्यात जे झालं ते यामुळेच. चाळिशीचा एक गवंडी, भला माणूस, दर आठवड्याला तिसऱ्या खोलीत नऊ मिनिटं. महिनोन् महिने तेच. त्या सोमवारी सकाळी तंत्रज्ञ येऊन त्या बेडच्या सगळ्या ट्यूब बदलून गेला. वहीत कोणी लिहिलं नाही, मला कोणी सांगितलं नाही. संध्याकाळी मी सवयीने नऊ दाबले. दुसऱ्या दिवशी दुकान उघडताना तो दारातच उभा होता. शर्ट अंगात घातला नव्हता, नुसता समोर धरला होता. पाठ फिरवली, तर कमरेच्या पट्ट्याच्या रेषेपासून मानेपर्यंत बीट किसून लावल्यासारखी. इथे सगळे सगळ्यांना लाडाने "पेट" म्हणतात. तो म्हणाला, "पेट, काल काय वेगळं केलंस?"

मी काहीच वेगळं केलं नव्हतं, आणि चूक तीच होती. ट्यूबचा जोर काहीशे तास चालल्यावर उतरत जातो. गिऱ्हाईक जुन्या ट्यूबवर मिनिटं वाढवत नेतं आणि त्यालाच "माझी नऊ मिनिटं" समजतं. नव्या ट्यूब लागल्या की तीच नऊ मिनिटं कितीतरी जड होतात. मॅनेजरने मला मागे नेऊन सांगितलं, "त्याला म्हण, तुझीच कातडी नाजूक झाली असेल." मी ते म्हटलं नाही. दोन शिफ्ट कापल्या गेल्या.

तेव्हापासून माझी पद्धत अशी. शिफ्ट सुरू झाली की आधी वही. ट्यूब बदलल्या असतील तर त्या खोलीच्या दारावर तारखेसकट पिवळा कागद, आणि त्या बेडवर नेहमीच्या गिऱ्हाइकांनासुद्धा पहिल्या वेळेच्या मिनिटांपासून सुरुवात. ते कुरकुरतात, करू द्या. अंगाखालची प्लास्टिकची काच नवी बसवली तरी तेच, कारण जुनी, धुरकट काच किरण अडवत असते. ट्यूबच्या टोकावर छापलेला कोड मशीनवरच्या स्टिकरशी जुळतो का ते एकदा स्वतः वाकून बघा. वॉट सारखे असले म्हणून ट्यूब सारखी होत नाही. चेहऱ्यावरच्या जोरदार दिव्यांपुढे फिल्टरची काच असते. ती तडकलेली किंवा गायब दिसली तर ती खोली लगेच बंद करायची, प्लग काढून, मालकाला विचारत बसायचं नाही. त्या काचेशिवाय अगदी घातक किरण थेट तोंडावर येतात.

६. खोलीत सोडताना

गिऱ्हाइकाबरोबर खोलीपर्यंत जा. बंद करायचं लाल बटण दाखवा, त्याला एकदा हात लावायला सांगा. चेहऱ्याचे दिवे वेगळे बंद होतात तेही दाखवा. टायमर तुम्ही काउंटरवरून लावायचा. आतून "अजून दोन मिनिटं दे ना" अशी हाक आली तर ऐकू न आल्याचं सोंग घ्या.

गॉगल हातात द्या, टोपलीकडे बोट दाखवू नका. नुसते डोळे मिटून चालत नाही, पापणी पातळ असते. लहानपणी वेल्डिंगच्या दुकानासमोर उभं राहून बघितल्यावर रात्री डोळ्यांत वाळू गेल्यासारखं झालं असेल, तेच इथे होतं, आणि तेही काही तासांनी. ज्यांना गॉगलचे पांढरे गोल तोंडावर नको असतात त्यांना सांगा, मधूनमधून किंचित सरकवा, पण काढू नका.

ओठांना एसपीएफ असलेला बाम. टक्कल असेल तर टोपी. आणि एक नाजूक विषय: आजवर कधी ऊन न पाहिलेली अंगं सगळ्यात आधी भाजतात. पूर्ण कपडे काढून पहिल्यांदाच झोपणाऱ्याला बसायला चार दिवस जड जातं. मी मराठी मध्यमवर्गीय मुलगी, हे वाक्य इंग्रजीत कसं म्हणायचं यावर आठवडा घालवला. शेवटी म्हणायचे, "पहिल्या वेळी अंतर्वस्त्रं असू द्या आणि पुढच्या वेळी तीच घाला." कारण वेगळी घातली की कालपर्यंत झाकलेली पट्टी उघडी पडते आणि नेमकी तीच पोळते.

७. बाहेर आल्यावर दोन मिनिटं

बेडवरून उठलेला प्रत्येक जण गुलाबी दिसतो; ती उष्णतेची लाली, तासाभरात उतरते. तिला भाजणं म्हणू नका, आणि "काही झालं नाही" असंही म्हणू नका. पाण्याचा पेला द्या आणि सांगा: संध्याकाळी लाली परत आली, शॉवरचं पाणी झोंबलं, किंवा बोटाने दाबल्यावर पांढरं होऊन पुन्हा लाल झालं, तर ते भाजलेलं आहे, दुकानात फोन करा. चक्कर येत असेल तर बसवा. बेशुद्ध पडलं, बरळायला लागलं, झटका आला तर सरळ ९९९.

८. भाजल्याचा फोन आला तर

आधी ऐकून घ्या. "पण तुम्हीच बारा मिनिटं मागितलीत" हे वाक्य गिळा. मग क्रमाने विचारा: कुठे, केव्हापासून, फोड आहेत का, सूज आहे का, ताप-थंडी, मळमळ, चक्कर आहे का, डोळे कसे आहेत.

घरी करायचं ते असं. गार पाण्याचा शॉवर किंवा ओला टॉवेल. गार म्हणजे नळाचं, बर्फाचं नाही. मग बिनवासाचं कोरफडीचं जेल किंवा आफ्टरसन (उन्हानंतर लावायचं लोशन). पाणी भरपूर. सैल सुती कपडे. दुखत असेल तर पॅरासिटामॉल किंवा आयबुप्रोफेन, पण आपण काउंटरवरून गोळी द्यायची नाही. त्यांना चालते का ते फार्मासिस्टला विचारू द्या. कातडी पूर्ण बरी होईपर्यंत ऊन नाही, बेड तर नाहीच.

करायचं नाही ते: बर्फ, व्हॅसलीन, फोड फोडणं, निघणारी साल ओढणं. तुमच्या जिभेवर आजीचे उपाय येतील. दही, तूप, टूथपेस्ट, हळद. सांगू नका. पोळलेल्या कातडीवर स्वयंपाकघर नको, आणि तुम्ही दुकानाच्या वतीने बोलताय. कुंडीतल्या कोरफडीचं पान चिरून लावायला सांगणंसुद्धा टाळा, काहींना त्याने खाज सुटते.

फोड, सूज, फार वेदना, ताप किंवा थंडी वाजणं, मळमळ, गळून जाणं: १११ ला, म्हणजे सरकारी आरोग्य सेवेच्या सल्ल्याच्या नंबरला, फोन करायला सांगा. डोळे चुरचुरत असतील, उजेड सहन होत नसेल तर कॉन्टॅक्ट लेन्स काढायला सांगा आणि त्याच दिवशी डोळ्यांच्या तज्ज्ञाकडे पाठवा. तीन ते पाच दिवसांत लाली उतरते, मग साल निघते. दुसऱ्या दिवशी आपण होऊन एक फोन करा. गवंडीबुवांना मी केला होता, तेव्हा त्यांची बायको बोलली. शिव्या तिने दिल्या, पण फोन ठेवताना थँक यू म्हणाली.

९. लिहून ठेवा, त्याच दिवशी

अपघात वहीत तारीख, वेळ, बेड, मिनिटं, ट्यूबचे तास, गिऱ्हाईक काय म्हणालं ते त्याच्याच शब्दांत, तुम्ही काय सांगितलंत. दोष कोणाचा ते लिहू नका, झालं तेवढंच. मॅनेजर "हे पान नको" म्हणाला तर मालकाला मेसेज करून कळवा, म्हणजे तारीख राहते. दुकानातून गिऱ्हाइकाला थेट हॉस्पिटलात न्यावं लागलं तर ते सरकारी यंत्रणेला कळवणं ही मालकाची जबाबदारी असते. फोटो काढायचाच तर गिऱ्हाइकाच्या फोनवर, त्याच्या परवानगीने. तुमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर "बघा रे काय झालं" म्हणून पाठवलात तर तो इथल्या माहिती संरक्षण कायद्याचा भंग, आणि माणुसकीचाही. कार्डं रात्री कुलपात.

१०. परत कधी घ्यायचं

लाली गेली म्हणजे कातडी बरी झाली असं नाही. साल पूर्ण निघून खालची नवी कातडी घट्ट होईपर्यंत नाही; मी मनाशी महिना धरायचे, आणि मग पहिल्या वेळेच्या मिनिटांपासून. फोड आले असतील तर मी परत घेतच नसे, पैसे परत द्या असं मालकाला सांगायचे. तो कधी द्यायचा, कधी नाही.

तुमच्या स्वतःसाठीही एक ओळ. कर्मचाऱ्यांना मिनिटं फुकट मिळतात. घेऊ नका. आणि खोली पुसताना बेड पूर्ण बंद आहे ना ते बघा: उभ्या पेटीचं दार पुसताना आतल्या ट्यूब चालू राहिल्या आणि माझ्या उजव्या हातावर मनगटापासून कोपरापर्यंत एक पट्टा उमटला. पाचव्या प्रकारची कातडी, लाली काही दिसली नाही. दोन दिवस बांगडी घालता आली नाही.